प्रत्येक गुडघ्याला दुर्बीण कशाला?

एखाद्या खेळाडूवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली, की नागपुरातले गुडघेदुखीचे रुग्णही ‘माझंही तसंच करता येईल का?’ असं विचारू लागतात. नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत अशीच शस्त्रक्रिया झाली आणि २०२१ मध्ये त्याने टोकियोत सुवर्णपदक जिंकलं. पण एकविशीतल्या भालाफेकपटूचं कोपर वेगळं आणि साठीतल्या बाईचा झिजलेला गुडघा वेगळा.

या शस्त्रक्रियेत सांध्याजवळ सेंटिमीटरभराची दोन छिद्रं पाडतात. एकातून चार मिलिमीटरची दुर्बीण आत जाते, दुसऱ्यातून अवजारं. सलाईनने सांधा फुगवायचा, पडद्यावर बघत बारीक हुकाने गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) उचलून तपासायची. फाटली असेल तर शिवायची किंवा फाटका भाग काढायचा. गादीचा फाटका भाग दुर्बिणीतून काढणं टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये प्रथम करून दाखवलं. कबड्डीत लिगामेंट तुटलेल्या किंवा गादी फाटून गुडघा अडकलेल्या पोरासाठी ही शस्त्रक्रिया वरदानच आहे.

झिजलेल्या गुडघ्याचं काय? अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर या शस्त्रक्रियेची परीक्षा घेतली. काहींचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींना केवळ वरवर छेद देऊन टाके घातले. या तिसऱ्या गटातल्या रुग्णांना शंका येऊ नये म्हणून अवजारं मागितली गेली, पाण्याचा आवाजही केला गेला. आपली शस्त्रक्रिया खोटी असू शकते, हे प्रत्येकाने आधी लिहून दिलं होतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच निघालं! हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, की झिजेच्या जवळपास कुठल्याही रुग्णावर ही शस्त्रक्रिया करू नये. गादी फाटलेली असली तरीही.

पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्याच्या एमआरआयमध्येही गादी अनेकदा फाटलेली दिसते. म्हणून नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरू नये. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणं, हे झिजेचे पहिले उपचार आहेत. सांधा पारच गेला तर सांधेरोपण आहेच.

संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: हे दुखणं दुखापतीचं आहे की झिजेचं? उत्तर पटलं नाही तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये दुसरं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.