जीनोम ‘वाचला’ म्हणजे नेमके काय केले?

कोरोनाच्या काळात ‘नमुने जीनोम सिक्वेन्सिंगसाठी पुण्याला पाठवले’ अशा बातम्या इतक्या वेळा छापून आल्या की तो शब्द घराघरांत रुळला. त्याच्यासोबत एक चित्रही रुळले: नमुना यंत्रात घालायचा, यंत्र त्यातला जनुकीय मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते आणि संशोधक तो छापून घेतो. या क्षेत्रात आयुष्य घालवणारी माणसे नेमके काय करतात, याविषयीचे बहुतेक गैरसमज या चित्रातूनच निघतात. विषाणूचा जीनोम जेमतेम 30,000 अक्षरांचा, त्यामुळे तिथे ते फारसे अडत नाही. माणसाचा जीनोम सुमारे 3.1 अब्ज अक्षरांचा आहे, आणि त्यातले एकही गुणसूत्र आजवर कोणत्याही यंत्राने एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचलेले नाही.

यंत्र वाचते ते तुकडे. फ्रेडरिक सँगर यांनी 1977 मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत एका वेळी काही शे अक्षरे मिळत. आजच्या सर्वाधिक वापरातल्या यंत्रांत तुकडा साधारण 150 अक्षरांचा असतो. प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचली जावी असे ठरवले, तर एका माणसासाठी जवळपास 60 कोटी तुकडे हाती येतात, तेही कोणता कुठला याची खूण नसलेले. एकाच आरतीसंग्रहाच्या तीस प्रती टराटरा फाडून चिटोऱ्या एका पोत्यात भरल्या आहेत, अशी कल्पना करा. एका चिटोरीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीशी जुळला की दोन्ही सांधायच्या. कडव्यांपुरते हे जमते. पण ज्या चिटोरीवर फक्त पालुपद आहे, ती कोणत्या कडव्यानंतर लावायची? पालुपद तर प्रत्येक कडव्यामागे तेच. मानवी जीनोमचा जवळपास निम्मा भाग अशा पुनरावृत्तींचा आहे. ‘आलू’ नावाचा एकटा 300 अक्षरांचा तुकडाच दहा लाखांहून अधिक जागी थोड्याफार फरकाने आढळतो. 150 अक्षरांची चिटोरी त्याच्या पोटात सहज हरवते. जीनोम जोडणी नावाची विद्याशाखा उभी आहे ती याच अडचणीवर.

म्हणूनच या क्षेत्रातली एक ठळक कारकीर्द जीवशास्त्रज्ञाची नाही, संगणकशास्त्रज्ञाची आहे. जीन मायर्स हे अ‍ॅरिझोना विद्यापीठात अक्षरमालिकांच्या गणिताचा अभ्यास करत होते. जनुकीय मजकुरात साम्य शोधणाऱ्या, आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ब्लास्ट’ प्रणालीच्या 1990 च्या शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. (गणित टाळायचे म्हणून बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.) 1997 मध्ये जेम्स वेबर यांच्यासह त्यांनी एका नियतकालिकात मांडले की मानवी जीनोमचे आधी नकाशे करून विभाग पाडण्याची गरज नाही, सगळाच एकदम फोडावा, तुकडे वाचावेत आणि जुळवणी संगणकाने करावी. फिल ग्रीन यांनी त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात या कल्पनेला सविस्तर विरोध केला. आक्षेप रास्त होता आणि तो पालुपदाचाच होता. मायर्स यांच्या उत्तराचा गाभा असा: एकाच मोठ्या तुकड्याची दोन्ही टोके वाचायची. मधले अंतर 2,000, 10,000 किंवा 50,000 अक्षरे असे अंदाजाने माहीत असते. म्हणजे दोन चिटोऱ्या ठरावीक लांबीच्या दोऱ्याने बांधलेल्या. मधले पालुपद वाचता आले नाही तरी ओलांडता येते. सेलेरा कंपनीत त्यांच्या चमूने 2000 मध्ये फळमाशीचा आणि 2001 मध्ये मानवाचा जीनोम असा जुळवला. मानवी जोडणीत सेलेराने सार्वजनिक मानवी जीनोम प्रकल्पाची माहितीही वापरली होती, त्यामुळे ती त्यांच्या पद्धतीची निखळ कसोटी नव्हे, असा प्रतिवाद झाला, आणि त्यात तथ्य आहे. पण पुढे जग त्याच वाटेने गेले, हेही खरे.

सार्वजनिक प्रकल्पाचीही गोष्ट वेगळी नव्हती. 26 जून 2000 रोजी व्हाइट हाउसमध्ये मानवी जीनोमच्या खर्ड्याची घोषणा व्हायची होती, वर्षानुवर्षे वाचलेले तुकडे जमा होते, आणि ते जुळवणारी प्रणालीच तयार नव्हती. सांता क्रूझच्या विद्यापीठातले तेव्हाचे पीएच.डी.चे विद्यार्थी जिम केंट यांनी ती चार-एक आठवड्यांत लिहिली. पहिली जोडणी 22 जूनला, समारंभाच्या चार दिवस आधी, हातात आली.

इथून दुसरा गैरसमज सुरू होतो: मानवी जीनोम 2000 मध्ये, किंवा फार तर 2003 मध्ये, संपूर्ण वाचून झाला. 2000 मधला होता तो कच्चा खर्डा. 2003 मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा मोजमाप होते फक्त गुणसूत्रांच्या मोकळ्या, जनुकबहुल भागाचे. 2004 च्या शोधनिबंधात उरलेल्या 341 फटी संशोधकांनी स्वतःच मोजून दाखवल्या आहेत. तेव्हा ही फसवणूक होती असे म्हणता येणार नाही. व्याख्या मर्यादित होती, आणि मर्यादा मथळ्यांत आली नाही, एवढेच. एकूण जीनोमचा सुमारे 8 टक्के भाग गहाळ राहिला. तो निरुपयोगी होता, असे म्हणून प्रश्न मिटवण्याची सवय आहे, पण ती टिकत नाही. त्या भागात गुणसूत्रांचे मध्यबिंदू येतात. पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढले जाते ती हीच जागा. तिथे बिघाड झाला तर पेशीत गुणसूत्रांची संख्याच चुकते. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमसाठी लागणारी जनुकेही याच गहाळ भागात होती. म्हणजे हे भाग सोडून दिले गेले ते क्षुल्लक म्हणून नव्हे. ते जुळवताच येत नव्हते.

ते जुळवण्याचे काम संशोधक कॅरन मिगा आणि अ‍ॅडम फिलिपी यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या गटाने केले. त्यातला एक टप्पा जवळून पाहण्यासारखा आहे. एक्स गुणसूत्राच्या मध्यबिंदूपाशी 171 अक्षरांचा एक घटक आहे. असे बारा घटक मिळून सुमारे 2,050 अक्षरांचा संच होतो, आणि तो संच जवळजवळ जसाच्या तसा सुमारे 1,500 वेळा एकापुढे एक येतो: 31 लाख अक्षरे, नुसते पालुपद. यात दोऱ्याची युक्ती चालत नाही. संशोधकांनी लाखभर अक्षरांपर्यंत जाणारे लांब तुकडे घेतले आणि संचांमधले तुरळक फरक, कुठे एखादेच बदललेले अक्षर, मैलाच्या दगडांसारखे वापरून तुकडे एकमेकांवर बसवले. पेशीही मुद्दाम निवडलेल्या होत्या. द्राक्षगर्भापासून, म्हणजे एका प्रकारच्या सदोष गर्भधारणेपासून, वाढवलेल्या या पेशींत गुणसूत्रांचे दोन्ही संच पित्याच्या एकाच संचाच्या प्रती असतात, म्हणून आईकडचा मजकूर आणि वडिलांकडचा मजकूर यांची सरमिसळ होत नाही. एक्स 2020 मध्ये पूर्ण झाले आणि 2022 मध्ये 3.055 अब्ज अक्षरांचा जीनोम प्रसिद्ध झाला. आधी हाती नसलेली सुमारे 20 कोटी अक्षरे त्यात होती. तरी या ‘संपूर्ण’लाही तळटीप आहेच. रायबोसोमच्या जनुकांच्या सर्वांत लांब पट्ट्या नमुना प्रतींवरून भरलेल्या आहेत, आणि त्या पेशींत वाय गुणसूत्र नसल्याने ते 2023 मध्ये दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावे लागले.

यावर कोणी म्हणेल की शेवटी कोडे सोडवले ते लांब वाचणाऱ्या यंत्रांनी; तुकडे आणखी लांबतील, मग जुळवणाऱ्यांचे काय काम? यंत्रांचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण सुरुवातीच्या लांब तुकड्यांत साधारण दर सात-आठ अक्षरांमागे एक चूक असे, आणि त्यामुळे अनेकांनी ते मोडीत काढले होते. जोडणीच्या कामापासून काही वर्षे दूर गेलेले मायर्स याच सुमारास ड्रेस्डेनमध्ये त्याकडे परतले. त्यांचा मुद्दा असा की चुका किती आहेत यापेक्षा त्या कशा पडतात हे पाहा. त्या विखरून, यदृच्छया पडत असतील, तर तीच जागा पुरेशा वेळा वाचली की बहुमताने खरे अक्षर वर येते. ठरावीक जागीच होणारी चूक मात्र कितीही वेळा वाचून जात नाही. चूक यातल्या कोणत्या प्रकारची आहे, हे यंत्र सांगत नाही. ते आधी कोणाला तरी सिद्ध करावे लागते.

आता आपल्याकडचे बघू. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात 10,000 भारतीयांचे जीनोम वाचल्याची बातमी 2024 मध्ये आली. मोलाचे काम आहे, पण यातला प्रत्येक जीनोम नव्याने जुळवलेला नाही. छोटे तुकडे वाचून ते आधीपासूनच्या संदर्भ जीनोमवर ठेवले जातात आणि फरक टिपले जातात. खर्च आणि काळ पाहता ते योग्यच आहे. मात्र त्या संदर्भ जीनोमचा सुमारे 70 टक्के मजकूर अमेरिकेतल्या बफेलो शहरात निनावीपणे रक्त दिलेल्या एकाच व्यक्तीचा आहे. एखाद्या भारतीयाकडे असलेला लांब तुकडा त्या व्यक्तीकडे नसेल, तर त्याच्या चिटोऱ्या कुठेच बसत नाहीत आणि ‘न जुळलेले’ म्हणून बाजूला पडतात. 2023 मध्ये जगभरच्या 47 व्यक्तींचे जीनोम स्वतंत्रपणे जुळवले, तेव्हा संदर्भात नसलेली जवळपास 12 कोटी अक्षरे सापडली.