सरपण आधी फोडा, मग वाळवा

पवनी तालुक्यातल्या आसगावच्या शिवारात धुऱ्यावरची बाभूळ छाटली, तर ओंडके तसेच रचून ठेवू नका; ओले असतानाच फोडा. लाकडातलं पाणी उभ्या तंतूंच्या नळ्यांतून लवकर बाहेर पडतं, आडवं फार हळू सरकतं, आणि साल तर त्याला अडवूनच धरते. कुऱ्हाड टोकाच्या भेगेवर घाला, गाठ टाळा.

ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. पण खरं नुकसान वेगळंच आहे. जाळ थंडावतो, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत, आणि तेच धूर होऊन रांधणारीच्या छातीत जातात. म्हणून मला हा प्रश्न बचतीपेक्षा आरोग्याचा वाटतो.

चांगल्या सरपणात पाणी २० टक्क्यांच्या आत हवं. चिरफळ्या दगडांवर, जमिनीपासून उंच रचा. वर पत्रा, बाजू मोकळ्या. विदर्भाचा कोरडा उन्हाळा यासाठी उत्तम. दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटून बघा: वाळलेल्या ठणठणतात, ओल्या थप्प वाजतात. पावसाळ्यात वाळलेलं लाकूडही हवेतली ओल ओढून घेतं. तेव्हा दुसऱ्या दिवसापुरतं सरपण आदल्या रात्रीच घरात आणून ठेवा.