चुंबक बलवान, भट्टी लहान

अल्लाहने सूर्यात जे काम त्याच्या अफाट वजनाकडून करून घेतले आहे, ते पृथ्वीवर माणसाला चुंबकाकडून करून घ्यावे लागते. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे एकत्र यावीत म्हणून त्यांना सुमारे 10 कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. इतका तप्त वायू ठेवायला कोणते भांडे टिकणार? म्हणून तो चुंबकीय बळाने, मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत, भिंतींपासून दूर कोंडतात. या यंत्राला टोकामॅक म्हणतात.

फ्रान्समध्ये उभा राहत असलेला ‘इटर’ असाच टोकामॅक आहे. भारत त्यात भागीदार असून त्याच्या बाह्य पात्राचे भाग गुजरातमधील हजिरा येथे बनले. पण यंत्र अवाढव्य! त्याच्या मुख्य चुंबकांतील नायोबियम-टिनच्या तारा उणे 269 अंशांजवळ विनारोध वीज वाहतात. मात्र चुंबकीय बळ फार वाढले की हा गुण गमावतात. मग आकार वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

1986 मध्ये बेडनोर्झ व म्युलर यांना असा गुण एका सिरॅमिकमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. त्याच कुळातील पदार्थांना ‘उच्च तापमानाचे’ अतिवाहक म्हणतात. नावावर जाऊ नका, तेही कडाक्याच्या थंडीतच चालतात! त्यांचा खरा फायदा हा की तीव्र चुंबकीय क्षेत्रातही ते दगा देत नाहीत. सिरॅमिक ठिसूळ, म्हणून त्याचा पातळ थर धातूच्या पट्टीवर चढवतात. 5 सप्टेंबर 2021 रोजी अमेरिकेत एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी अशा 267 किलोमीटर पट्टीच्या चुंबकातून 20 टेस्लाचे क्षेत्र मिळवले.

आता हिशेब पाहा. इतर गोष्टी तशाच ठेवून क्षेत्र दुप्पट केले, तर तेवढ्याच जागेत सोळापट ऊर्जा मिळू शकते. म्हणूनच या कंपनीच्या ‘स्पार्क’ यंत्राच्या वलयाची त्रिज्या 1.85 मीटर आहे, तर इटरची 6.2 मीटर.

याला ‘फुकट विजेची भट्टी’ म्हणणे मात्र आम्हाला पटत नाही. स्पार्क वीज बनवणारच नाही. दिलेल्या उष्णतेपेक्षा जास्त ऊर्जा निघते का, एवढेच तो दाखवणार. शिवाय वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्यात भिंती टिकायला हव्यात. ट्रिटियम तर निसर्गात जवळजवळ नाहीच, आणि साठवले तरी सुमारे 12 वर्षांत निम्मे नाहीसे होते. ते लिथियमपासून भट्टीतच तयार करावे लागेल, आणि हे काम चुंबक करत नाही.