चामड्यावरची फुले

पुस्तकाच्या बांधणीला उर्दूत जिल्द म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी असून अरबीत त्याचा अर्थ कातडी असा आहे. पूर्वी हस्तलिखिते चामड्यात बांधत आणि त्या चामड्यावर ठशांनी वेलबुट्टी उठवत. मुसलमानी राजवटीत ही कला स्पेनमध्ये वाढली. तेथील कॉर्दोबा, म्हणजे उर्दू कवितेतले कुर्तुबा, हे शहर चामड्यासाठी फार नावाजले होते. इतके, की जोडे करणाऱ्याला इंग्रजीत या शहरावरून 'कॉर्डवेनर' असे नाव पडले.

सोळाव्या शतकात स्पेनचे लोक मेक्सिकोत गेले. त्यांच्याबरोबर घोडे गेले, खोगिरे गेली आणि चामड्यावर नक्षी उठवण्याचे कामही गेले. मेक्सिकोतून ते अमेरिकेतील टेक्सास, वायोमिंग अशा गुराख्यांच्या मुलखात पोहोचले. खोगिरावरची फुले मग कमरेच्या पट्ट्यावरही आली. विसाव्या शतकात वायोमिंगमधील शेरिडन या गावी डॉन किंग नावाच्या कारागिराने गोल गोल फिरणाऱ्या वेलींत रानगुलाब गुंफण्याची पद्धत रूढ केली. आज जगभर 'शेरिडन पद्धत' म्हणून ती ओळखली जाते.

असा पट्टा हाताने कसा तयार करतात, ते आता पाहू.

पहिला प्रश्न चामड्याचा. जनावराचे कातडे तसेच ठेवले तर कुजते. ते टिकावे म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात तिला कातडे कमावणे म्हणतात. याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. जुनी पद्धत झाडांच्या साली आणि फळे वापरण्याची. आपल्याकडे बाभळीची साल व हिरडा यासाठी वापरतात. त्यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट चिकटते. या कामाला कित्येक आठवडे लागतात. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने तिचे पेटंट घेतले. ती झटपट होते, म्हणून आज जगातील बहुतेक चामडे याच पद्धतीने कमावतात. ते मऊ आणि लवचीक असते. पिशव्यांना, बुटांच्या वरच्या भागाला उत्तम. पण त्यावर ठसा मारला तर ते पुन्हा वर उसळते आणि नक्षी पुसट होते. नक्षीदार पट्ट्याला सालीत कमावलेलेच चामडे लागते. आपली कोल्हापुरी चप्पलही अशाच चामड्याची असते.

तेही कातड्याच्या कोणत्याही भागातले चालत नाही. पोटाकडचा भाग सैल असतो आणि ताणला जातो. पाठीचा भाग दाट. पट्टी पाठीतून, कण्याच्या रेषेला समांतर कापतात. तिची जाडी साडेतीन-चार मिलीमीटर आणि रुंदी दीड इंच असते. लांबी ठरवताना पँटचे माप विचारून उपयोग नाही, कारण ते नेहमी खरे असतेच असे नाही. जुना पट्टा घ्यावा आणि बक्कलापासून रोज वापरल्या जाणाऱ्या भोकापर्यंत मोजावे. ते अंतर तीस इंच आले, तर नव्या पट्ट्याचे मधले भोक तेथेच येते. त्यापुढे इंचाइंचावर आणखी दोन भोके, मग टोकाला चार इंच, आणि बक्कलाभोवती दुमडायला तीन इंच. म्हणजे पट्टी झाली एकोणचाळीस इंचांची.

आता खरी परीक्षा सुरू होते, आणि ती पाण्याची असते. कोरड्या चामड्यावर ठसा नीट उमटत नाही. फार ओल्या चामड्यावर तो उमटतो, पण चिखलातल्या पावलासारखा, कडा नसलेला. म्हणून पट्टी स्पंजाने सारखी भिजवतात आणि वाट पाहतात. पाण्याने गडद झालेला रंग हळूहळू उजळतो. तो जवळजवळ मूळचा झाला, पण पट्टी गालाला लावल्यावर अजून गार लागली, की वेळ झाली. यासाठी गालासारखे दुसरे साधन नाही. या ओलीत चामड्याचे तंतू नरम असतात. दाबले की दाबलेलेच राहतात आणि वाळल्यावर तसेच घट्ट होतात. ओल बरोबर असेल तर ठशाखालची जागा आपोआप थोडी तपकिरी होते. हा रंग दिसला की कारागीर निश्चिंत होतो.

नक्षी आधी पारदर्शक कागदावर काढलेली असते. तो कागद ओलसर पट्टीवर ठेवून बोथट टोकाने रेषा गिरवतात. मग सुरीचे काम. ही सुरी पेनासारखी उभी धरतात. तिच्या डोक्यावर तर्जनी टेकवायला जागा असते आणि मधली दांडी बोटांत फिरवता येते, त्यामुळे पाते वेलीच्या वळणाबरोबर वळते. रेषा चामड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी किंवा अर्ध्यापर्यंत खोल कापतात. त्याहून खोल गेली तर पट्टा पुढे तेथेच तुटतो. पेन्सिलीची रेघ रबराने खोडता येते, ही येत नाही. पस्तीस इंच फुले सुरेख उठली आणि छत्तिसाव्या इंचाला सुरी घसरली, तर पूर्ण पट्टीच गेली. चामड्याला जोड देऊन पट्टा होत नाही.

यानंतर ठसे. पट्टी गुळगुळीत, जड दगडावर ठेवतात, म्हणजे घाव वाया जात नाही. ठसे पोलादी असले तरी हातोडी लोखंडाची वापरत नाहीत. तिने ठशांची डोकी चेपतात. लाकडाची मोगरी बरी. उतरत्या तोंडाचा ठसा कापलेल्या रेषेच्या एका बाजूने टकटक करीत नेला, की ती बाजू खाली बसते आणि पाकळी वर आल्यासारखी दिसते. खरे तर पाकळी वर येत नाही, भोवतालची जमीन खाली जाते. दुसऱ्या ठशाने पाकळीला खोलगट छटा देतात, तिसऱ्याने पानाच्या शिरा, बारीक गोल ठशाने फुलातले बी. ठोकताना ओली पट्टी लांबीला वाढते. ती वाढू नये म्हणून मागच्या बाजूला आधी चिकटपट्टी लावून ठेवतात. तरीही भोके सगळ्यात शेवटी पाडतात, नाहीतर माप चुकते.

ओल्या चामड्याला लोखंडाचा कीस लागला तर काळा डाग पडतो आणि तो सहज जात नाही. टॅनिन व लोह यांचा संयोग होऊन काळा रंग बनतो. मायफळ, ज्याला उर्दूत माजू म्हणतात, आणि हिराकस यांपासून जुने खुशनवीस रोशनाई करीत, तीही याच गुणामुळे. काही कारागीर या दोषाचाच उपयोग करतात. लोखंडाचा कीस सिरक्यात मुरवून ते पाणी पट्ट्याला लावतात. बघता बघता पट्टा काळा होतो.

पट्टी वाळली की रंग, मग थोडे तेल. कापलेल्या कडांचे कोपरे काढून त्या किंचित ओल्या करतात आणि लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने जोराने घासतात. घासून घासून त्या काचेसारख्या चकाकतात. बाजारात स्वस्त मिळणारे कित्येक पट्टे चामड्याचा भुगा डिंकासारख्या द्रव्यात मिसळून केलेल्या पत्र्याचे असतात आणि त्यांच्यावरची नक्षी यंत्राने दाबलेली असते. कमी पैशांत तो घेण्यात काही गैर नाही, पण आपण काय घेतो ते कळावे. तो भोकांपाशी लवकर तडकतो. पट्ट्याची कड आणि मागची बाजू पाहिली की बहुधा ओळखू येतो. खऱ्या चामड्याचे तंतू तेथे दिसतात.

शेवटी टोक दुमडून बक्कल बसवतात. दुमडीचा भाग रापीने आधी पातळ करतात आणि बक्कलाच्या काट्यासाठी मध्ये लांबट फट पाडतात. मग आरीने भोके पाडून शिवण घालतात. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई असते आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. पुढे केव्हा एक टाका झिजून तुटला, तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो आणि बक्कल जागचे हलत नाही.