गर्दीच्या उलट दिशेने

बंगळुरूला आलेल्या पाहुण्याला म्हैसूर दाखवतात, कूर्ग दाखवतात, सुट्टी मोठी असेल तर हंपी. शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला पसरलेला कोलार-चिक्कबळ्ळापूरचा मुलूख मात्र कुणाच्या यादीत नसतो. मोठी नदी नाही, घाट नाही. आहेत ते उघडेबोडके खडकाळ डोंगर, पावसावर भरणारे जुने तलाव, नाचणीची शेतं, तुतीचे मळे आणि हजार-बाराशे वर्षांची देवळं. मिरजेच्या शाळेतली नोकरी संपवून मी मुलाकडे मल्लेश्वरमला राहायला आले आणि सरकारी बस व पॅसेंजर गाडीने हाच मुलूख बघत सुटले. आज माझ्या वयाच्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते: साठीनंतर हिंडायचं, तर असं हिंडावं.

मराठी माणसाला ही भूमी परकी नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले आणि बंगळुरू त्यांना जहागीर म्हणून मिळालं. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा सारा प्रदेश त्यांच्या अमलाखाली होता. आमच्या घराजवळच्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला राजांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. हे कळल्यावर घरात बसवेना.

या प्रवासाचं सगळं गणित गर्दीच्या दिशेवर उभं आहे. सकाळी कोलार, बंगारपेट, चिक्कबळ्ळापूरकडून हजारो माणसं कामासाठी बंगळुरूत येतात. त्याच वेळी शहराबाहेर निघणाऱ्या गाडीत आरामात जागा मिळते. दुपारी तीन-चारच्या सुमारास परत फिरलं की पुन्हा तेच: लोक घराकडे निघायच्या बेतात आणि आपण शहराकडे. नोकरदारांना वेळेचं बंधन असतं, आपल्याला नसतं. म्हातारपणी हाती आलेली ही मोठी मोकळीक आहे आणि ती शनिवार-रविवारी नव्हे, मंगळवार-बुधवारी वापरायची असते. घराजवळच्या संपिगे रोडच्या मेट्रो स्टेशनात लिफ्टने चढायचं, पुढच्याच मॅजेस्टिक स्टेशनात उतरायचं. रेल्वे आणि बसस्टँड दोन्ही तिथून चालत.

पैशाचं बघाल तर जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसमध्ये 'शक्ती' योजनेखाली मोफत प्रवास आहे. कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. राजहंस, ऐरावतसारख्या आरामगाड्यांना ते लागू नाही. साठी ओलांडलेल्या पुरुषांना भाड्यात २५ टक्के सवलत मिळते. महाराष्ट्रात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, तशातलीच ही सोय. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण पॅसेंजरचं भाडं मुळात इतकं कमी आहे की त्यावाचून पाय अडत नाही.

पहिल्यांदा जायचं तर मारिकुप्पमच्या गाडीने जावं. बंगारपेटला मुख्य मार्ग सोडून गाडी खाणींच्या फाट्याला लागते आणि मग स्टेशनांची नावंच गोष्ट सांगू लागतात: कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम. या कोलारच्या सोन्याच्या खाणी. १८८० मध्ये जॉन टेलर कंपनीने इथे पाय रोवला. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रम धबधब्याची वीज इथपर्यंत आणली गेली, बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागण्याच्या आधी. चॅम्पियन रीफची खाण जमिनीखाली तीन किलोमीटरहून खोल गेली होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद पडल्या. आज खिडकीतून दिसतात ते दळलेल्या दगडाच्या भुकटीचे प्रचंड करडे ढिगारे, गंजलेले मनोरे आणि खाणकामगारांच्या चाळींच्या रांगा. तमिळ बोलणारी ही वस्ती उठून गेली नाही, कारण ही गाडी होती. वडील खाणीत उतरत, मुलं पहाटे बंगळुरूची गाडी पकडू लागली. चारचाकीने जाणाऱ्याला पडक्या खाणी दिसतात, गाडीने जाणाऱ्याच्या शेजारी त्या खाणींची माणसं बसलेली असतात. एका बाईंनी मला वडिलांच्या पाळ्यांच्या वेळा आणि भोंग्याचा आवाज सांगितला, तो कुठल्या फलकावर वाचायला मिळाला नसता. परतताना बंगारपेटला उतरून तिथली नितळ, बिनरंगाच्या पाण्याची पाणीपुरी खावी. आपल्या हिरव्या पाण्याइतकीच झणझणीत असते.

दुसरी वाट नंदीची. पूर्वी इथे नॅरोगेजची छोटी गाडी धावायची, आता रुंद रुळांवर मेमू धावते. 'नंदी हॉल्ट'ची जुनी दगडी स्टेशनइमारत डागडुजी करून जपली आहे. लोक पहाटे मोटारी घेऊन नंदी टेकडीवर सूर्योदयाला धावतात आणि पायथ्याच्या भोगनंदीश्वराला वळसा घालून जातात. हे देऊळ नवव्या शतकाच्या सुमाराचं. भोगनंदीश्वर आणि अरुणाचलेश्वर अशी दोन शिवालयं शेजारी शेजारी, मधे उमा-महेश्वराचं छोटं मंदिर आणि त्यापुढे काळ्या दगडाचा कल्याणमंडप, ज्याच्या खांबांवर पोपट आणि वेली कोरल्या आहेत. सपाट फरसबंदी, चढ नाही, सावलीला ओवऱ्या. गुडघे दुखणाऱ्याने अख्खी दुपार इथे काढावी.

पायात बळ उरलं तर चिक्कबळ्ळापूरहून बसने मुद्देनहळ्ळी गाठावं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं हे जन्मगाव, त्यांची समाधीही इथेच आहे. ते पुण्यात शिकले, १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे बसले. पुणेकरांच्या पाण्याचा हिशेब मांडणारा हा माणूस पाण्याला तहानलेल्या या गावातून आला होता. तिथे उभं राहिल्यावर त्यांच्या कामाची मुळं कळतात.

मुक्कामाची तयारी असेल तर होदिगेरे. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा तिथे मृत्यू झाला. दावणगेरेपर्यंत रेल्वे, तिथे लोण्याचा बेण्णे डोसा खाऊन रात्रीचा मुक्काम, सकाळी चन्नगिरीची बस, पुढे गावाकडची गाडी. समाधी अगदी साधी आहे. महाराष्ट्रातून तिथे जाणारी माणसं वाढायला हवीत.

असं हिंडणं परदेशातही चालतं. इटलीत बारी शहरातून छोट्या रुळांच्या गाडीने गुहांच्या मतेरा गावाला जाणारे साठी-सत्तरीचे प्रवासी असतात. इंग्लंडमध्ये २००८ पासून वृद्धांना देशभर गर्दीच्या वेळा टाळून स्थानिक बस मोफत आहे. सरकारी वाहन आणि म्हातारपण यांचं चांगलं जमतं, हे त्या देशांनी ओळखलं. आपल्याकडे सवलत आली, सोय अजून यायची आहे. साध्या बसची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच असते. तालुक्याच्या स्टँडवरचं स्वच्छतागृह स्वच्छ असेल याचा भरवसा नसतो, म्हणून कित्येक बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. एक खालची पायरी, एक धरायचा दांडा, धुतलेलं स्वच्छतागृह: याला फार पैसा लागत नाही आणि आपण ते मागितलं पाहिजे.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. एका दिवसाला एकच गाव. शेवटच्या नव्हे, त्याआधीच्या बसने परतायचं. गावाकडच्या बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून अक्षरं शिकून घ्यावीत. बाराखडीचा क्रम आपलाच आहे. चढताना कंडक्टर "अज्जी, बन्नी" (आजी, या) म्हणून हात पुढे करतो, तो संकोच न करता धरावा.

मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना इथे सगळं मिळतं. फक्त कुठे जायचं ते दुसऱ्याच्या सुट्टीवर आणि दुसऱ्याच्या गाडीवर ठरतं. त्यातून माणूस हळूहळू स्वतःच्या दिवसाचा मालक राहत नाही. मुलांनो, त्यांना ड्रायव्हर जरूर द्या, पण आधी ओळखपत्रावरचा पत्ता बदलून द्या आणि मॅजेस्टिकपर्यंत एकदा सोबत करा. पुढचं ठरवणं त्यांच्यावर सोडा.