बटव्यावरचं वटवाघूळ

आमच्या वाडीतल्या वडावर वटवाघळांची वस्ती होती. तिन्हीसांजेला ती उठली की आजी हाका मारून आम्हाला घरात घ्यायची आणि दार लोटायची. उलटं लटकणारं जनावर घराला बाधतं, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. म्हणून मुंबईतल्या एका पारशी घरात गारा साडीच्या घडीतून निघालेला चिनी रेशमी बटवा हातात आला आणि त्यावर दोन वटवाघळं दिसली, तेव्हा मी चक्रावलो. लग्नकार्याला नेसायच्या साडीत हे कसं? तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच.

चिनी बटवा पारशी घरात कसा आला, म्हणजे चीनमधल्या कँटनचा व्यापार, अफू, पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या चीनच्या सफरी, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मला बटव्याबद्दल बोलायचंय.

छिंग राजवटीत (१६४४–१९११) पुरुष कमरपट्ट्याला असे बटवे लटकवत. एकात सुपारी, एकात तंबाखू. पंख्याला आणि चष्म्याला भरतकाम केलेली वेगळी घरं. वर्ष सरताना बादशहा सरदारांना बटवे भेट देई. त्यांवर वटवाघूळ वारंवार भेटतं, कारण चिनी भाषेत त्याच्या नावातला ‘फू’ आणि सौभाग्याचा ‘फू’ लिहायला वेगळे, कानाला एकच. लाल रंगात भरलं की ‘हुंग फू’, म्हणजे ऐकणाऱ्याला अपार सौभाग्य. पाच भरली की दीर्घायुष्य, संपत्ती, स्वास्थ्य, सदाचाराची ओढ आणि पिकल्या वयातलं शांत मरण. आणि उलटं भरलं, तर सौभाग्य घरी पोचलंच, कारण ‘उलटं’ आणि ‘पोचलं’ दोन्ही ‘दाओ’. आजी ज्याच्यासाठी दार लोटायची, त्याचीच तिकडे वाट पाहत.

बटव्यावरचं काम गाठीच्या टाक्याचं आहे. सुईला दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि ती शेजारीच खाली उतरवायची. खसखशीएवढी गाठ बसते. पारशी बायका याला ‘खाखा’ म्हणतात. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी त्याला ‘निषिद्ध टाका’ हे नाव चिकटवलं आणि गोष्ट जोडली: बायका आंधळ्या होऊ लागल्या म्हणून बादशहाने बंदी घातली. या गोष्टीला काहीही आधार नाही, आणि ती अजून माल विकताना सांगितली जाते याचा मला राग येतो. कँटनच्या भरतकामात तर पुरुष कारागिरांची मोठी परंपरा होती. बंदीच्या कथेने त्यांना पुसून टाकलं.

आता मुख्य गोष्ट. भरलेलं वटवाघूळ वटवाघळासारखं दिसत नाही. पंख ढगासारखे वळलेले, तोंड फुलपाखराचं. कारागिराने प्राणी पाहिलाच नाही, नुसता उच्चार भरला, असं मीही मानत होतो. पण या बटव्याच्या एका पंखावरच्या गाठी झिजून गेल्यात आणि खाली रेशमावर नमुना काढणाऱ्याची शाई उघडी पडलीय. भिंगातून पाहिलं. पंखात चार रेघा, मनगटापासून पसरत गेलेल्या. वटवाघळाच्या पंखात बोटांची हाडं असतात तशाच, बरोबर चार. आणि वरच्या कडेला, पडद्याबाहेर, एक बारीक आकडी: अंगठ्याची नखी. भरणाऱ्याने तिच्यावर एकही गाठ घातलेली नाही. दुसऱ्या पंखावर गाठी अजून शाबूत आहेत, त्यामुळे तिथली शाई झाकलेलीच आहे.