स्वयंचलित गिअरपेटीतील दोषनिदान

मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरपेटीतील गिअर अवेळी, धक्क्याने किंवा घसरत बदलू लागल्यास त्यामागील कारण क्रमाक्रमाने शोधून काढण्याची पद्धत. गिअरपेटी उघडून तिची पुनर्बांधणी करणे हे खर्चाचे व विशेष कौशल्याचे काम आहे. उलट, अनियमित गिअरबदलाचे कारण पुष्कळदा पेटीच्या बाहेर, म्हणजे तेलाची पातळी, विद्युत् जोडण्या, नियंत्रक दांड्या किंवा खुद्द एंजिन यांत असते. म्हणून पेटी उघडणे हा शेवटचा उपाय मानतात. तथापि दोषाकडे दुर्लक्ष करणेही हानिकारक ठरते. घसरणारा क्लच तापून लवकर जळतो आणि चौक ओलांडताना किंवा पुढील वाहनास मागे टाकताना गिअर न पडल्यास अपघाताचा संभव असतो.

रचना व कार्य : मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली पूर्णतः स्वयंचलित गिअरपेटी ‘हायड्रा-मॅटिक’ ही असून ती जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९४० सालच्या नमुन्याच्या ओल्ड्समोबील गाड्यांत बसविली. पुढे रूढ झालेल्या रचनेत एंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे देणारा परिबल परिवर्तक, ग्रहीय दंतचक्रांचे संच आणि या संचांचे भाग आवश्यकतेनुसार जोडणारे वा जखडून ठेवणारे क्लच व पट्टे असे मुख्य भाग असतात. क्लच व पट्टे तेलाच्या दाबाने आवळले जातात. हा दाब एंजिनावर चालणारा पंप निर्माण करतो. जुन्या पेट्यांत गाडीच्या वेगानुसार बदलणारा दाब व एंजिनावरील भारानुसार बदलणारा दाब यांच्या चढाओढीतून गिअरबदलाचा क्षण ठरत असे. १९८० नंतर हे काम उत्तरोत्तर इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे गेले. तो संवेदकांकडून वेग, भार व तापमान यांची माहिती घेऊन परिनालिका-झडपांमार्फत तेलाचा मार्ग बदलतो.

तेलाची तपासणी : तेल येथे शक्तिवाहक, वंगण व शीतक या तिन्ही नात्यांनी काम करते, म्हणून तपासणीचा प्रारंभ तेलापासून करतात. पातळी पाहण्याची रीत निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच पाळावी लागते. बहुतेक पेट्यांत गाडी सपाट जागी उभी करून, तेल तापल्यावर व एंजिन मंद गतीने चालू ठेवून पातळी पाहतात. अनेक अलीकडील पेट्यांना डिपस्टिक नसते. त्यांत ठराविक तापमानास तपासणी-बूच काढून पातळी पाहतात. पातळी कमी असल्यास पंपात हवा शिरते, दाब अस्थिर होतो आणि गिअर उशिरा पडतो किंवा घसरतो. पातळी जास्त असल्यास फिरत्या भागांमुळे तेलाचा फेस होऊन तसाच परिणाम होतो. गडद तपकिरी रंग व जळका वास ही क्लचचे अस्तर जळाल्याची खूण होय. तेल दुधाळ गुलाबी झाल्यास रेडिएटरमधील तेल-शीतकातून पाणी पेटीत शिरले असे समजतात. तळाच्या चुंबकावरील बारीक करडी भुकटी नेहमीच्या झिजेची असते, परंतु धातूचे कण वा तुकडे आढळल्यास पेटी उघडणे अटळ ठरते.

बाह्य कारणे : गिअर निवडण्याच्या दांड्याची जुळणी बिघडल्यास हात-झडप दोन स्थानांच्या मध्ये राहते व क्लचला पुरा दाब मिळत नाही. जुन्या पेट्यांत थ्रॉटलला जोडलेली तार ढिली असल्यास गिअर लवकर व घसरत बदलतात. निर्वातावर चालणाऱ्या भारनियंत्रकाची नळी फुटल्यास गिअर उशिरा व धक्क्याने बदलतात. त्यातील पडदा फाटल्यास एंजिन पेटीतील तेल शोषून घेते. तेव्हा बाहेर गळती न दिसताही पातळी घटते व निष्कास नळीतून पांढरा धूर येतो. एंजिनाचे ज्वलन चुकत असल्यास त्याचे हिसके पुष्कळदा गिअरपेटीच्या माथी मारले जातात.

विद्युत् दोष : क्षीण विद्युत् घट, सैल भू-जोडणी, गंजलेले जोड व सदोष वेग-संवेदक यांमुळे नियंत्रकास चुकीची माहिती मिळते. गंभीर दोष आढळल्यास बरेच नियंत्रक पेटीच्या रक्षणार्थ गाडी एकाच ठराविक गिअरमध्ये ठेवतात. अमेरिकेत १९९६ सालच्या नमुन्यांपासून मोटारगाड्यांना दोष-संकेतांची प्रमाणित पद्धती सक्तीची झाली. तीत ‘पी ०७००’ हा संकेत गिअरपेटीच्या नियंत्रणात दोष असल्याची सर्वसाधारण सूचना देतो, तर ‘पी ०७२०’ हा बहिर्गामी दंडाच्या वेग-संवेदकाच्या मंडलाकडे निर्देश करतो. संकेत म्हणजे निदान नव्हे. संकेतात उल्लेखिलेला भाग बदलण्यापूर्वी त्याच्या तारा व जोड तपासावे लागतात.

दोषाचे स्थान : कोणत्या गिअरांत दोष दिसतो व ते गिअर कोणत्या क्लचवर अवलंबून आहेत, यांची सांगड घालणे हे निदानाचे मर्म होय. उदा., क्रायस्लर कंपनीने १९५६ मध्ये प्रचारात आणलेल्या तीन गिअरांच्या ‘टॉर्कफ्लाइट’ पेटीत मागील क्लच पुढे जाण्याच्या सर्व गिअरांत, तर पुढील क्लच फक्त तिसऱ्या व उलट गिअरमध्ये आवळलेला असतो. पहिला व दुसरा गिअर ठीक असून तिसरा व उलट हे दोन्ही घसरत असल्यास दोष पुढील क्लचमध्ये किंवा त्याच्या तेलमार्गात असला पाहिजे. फक्त दुसरा गिअर घसरत असल्यास संशय त्याच्या पट्ट्यावर येतो. दाबमापक जोडून घेतलेल्या मोजमापाने या अनुमानाची खातरजमा करतात. सर्वच गिअरांत दाब कमी असल्यास पंप, गाळणी किंवा दाबनियामक झडप सदोष असते; एकाच मंडलात कमी असल्यास तेथील सीलमधून गळती असते; दाब योग्य असूनही क्लच घसरत असल्यास अस्तर झिजलेले असते.

बेताच्या वेगाने, हलक्या भाराखाली गाडी थरथरत असल्यास ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेक किंचित दाबून पाहतात. बहुतेक गाड्यांत त्यामुळे परिवर्तकातील क्लच सुटतो. थरथर तत्क्षणी थांबल्यास दोष त्या क्लचकडे किंवा खराब झालेल्या तेलाकडे असण्याचा संभव अधिक असतो. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावरच घेतात.

दुरुस्तीनंतर : दुरुस्तीनंतर किंवा विद्युत् घट काढून बसविल्यावर काही नियंत्रकांतील संचित मूल्ये पुसली जातात, ती पुन्हा जुळेपर्यंत गिअरबदल काहीसा ओबडधोबड असतो. हा नवा दोष समजू नये. पट्टा व शंकूच्या आकाराच्या कप्प्यांवर चालणाऱ्या अखंड गुणोत्तर पेट्या, दुहेरी क्लचच्या पेट्या आणि साध्या गिअरपेटीस यांत्रिक हात जोडून केलेल्या पेट्या यांची रचना वेगळी असल्याने त्यांच्या तपासण्याही वेगळ्या असतात. तथापि सोप्या व बाह्य कारणांपासून आरंभ करून आतील भागांकडे जाणे, हा क्रम सर्वत्र सारखाच लागू पडतो.